मधली दहा वर्षे

लहान मुलाच्या आईसाठी आपल्या परंपरेने जेवढी तरतूद करून ठेवली आहे तेवढी मोठ्या होऊ लागलेल्या मुलाच्या आईसाठी केलेली नाही, हे माझी तिन्ही मुले मोठी झाल्यावर मला प्रथम स्पष्टपणे जाणवले. मूल जन्मले की पाचवी पुजावी, बाराव्या दिवशी बारसे करावे, पहिल्या संक्रांतीस हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करावे, उष्टावण, जावळ, पाटीपूजन यथाकाल उरकावे आणि मुलगा आठ वर्षांचा झाला की मुंज लावावी. या प्रत्येक प्रसंगी आईने कोठे बसावे, कोणी औक्षण करावे, पहिला घास कोणाच्या हातून जावा, येथपर्यंत सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. मुंजीच्या दिवशी मातृभोजन होते. आई आणि बटू एका पानावर बसतात, आणि त्या पानावरून मुलगा उठला की यापुढे तो आईच्या ताटातला उरला नाही असे सर्वांनी समजावयाचे असते. त्यानंतरचा मोठा संस्कार विवाहाचा. तेथे आईच्या वाट्यास येते ते सुनेचे मुख पाहणे किंवा लेकीची पाठवणी करणे. मधली जी दहा-बारा वर्षे, ज्यांत मुलाचा आवाज फुटतो, मुलगी आरशासमोर उभी राहून अकारण रडते, आणि कालपर्यंत पदराला धरून हिंडणारे मूल स्वतःची पेटी स्वतः आवरून तिला कुलूप लावू लागते, त्या वर्षांसाठी ना संस्कार ना सण.

याचे कारण मी पुष्कळ दिवस शोधीत होते. ते माझ्या आजीच्या आयुष्यात सापडले. माझ्या आजीचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि आईचे बाराव्या. आजीने आपली मुलगी पंधरा वर्षांची, सतरा वर्षांची, एकोणीस वर्षांची झालेली आपल्या घरी कधी पाहिलीच नाही. पाहिली ती चार दिवस माहेरपणाला आलेली, डोईवरचा पदर सावरणारी, दुसऱ्या घरच्या रीतीभातींनी बोलणारी एक गृहिणी. मामांची गोष्ट याहून फार निराळी नव्हती. मुंज होताच त्यांना वाईस विद्येसाठी ठेवण्यात आले, आणि वार लावून जेवता जेवता त्यांचे बालपण परक्या ओसऱ्यांवर सरले. म्हणजे ज्या वयाचा आज आईला एवढा घोर वाटतो, ते वय आजीच्या घरात मुक्कामास नव्हतेच. पुढे 1929 चा शारदा कायदा झाला, मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले. त्याच्याही आधीपासून पुण्यास 1884 मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली होती, अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले होते, आणि 1919 मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला होता. या सर्वांनी मिळून मुलांचे आयुष्य घडविले यात शंका नाही. परंतु त्यांनीच आमच्या घरांत, मुंज आणि लग्न यांच्या मधोमध, पूर्वी कधी नव्हते असे एक नवे दशक आणून ठेवले. त्या दशकात आईने कसे वागावे हे सांगणारी एकही वडीलधारी बाई माझ्या आप्तांत नव्हती, कारण त्यांच्यापैकी कोणी ते दशक पाहिलेलेच नव्हते.

ह्यांची नोकरी महसूल खात्यातली. वाई, कोरेगाव, कराड, पाटण अशा सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी दर तीन-चार वर्षांनी बदली व्हावयाची, आणि हुकूम हाती पडला की जाते, पाटावरवंटा, तांब्याचा बंब आणि देवांची डबी घेऊन आमचे बिऱ्हाड पुढच्या मुक्कामी हलावयाचे. मुलांची वये मला सालांनी आठवत नाहीत, गावांनी आठवतात. थोरली मुलगी वाईच्या घाटावर पोहायला शिकली, मधल्या मुलाचे दुधाचे दात कोरेगावात पडले, धाकट्याला मिसरूड फुटली ती पाटणास. घरात सासूबाई होत्या. त्यांचे वय झाले होते, परंतु नजर अशी की कोणत्या मुलाने कोणत्या दिवशी अर्धी पोळी कमी खाल्ली हे त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सांगावयाच्या.

मुले मोठी होतात ती वाढदिवसांनी होत नाहीत. थोरली मोठी झाली ती 1957 च्या एप्रिलात, आणि मोठी झाली ती माझ्या जमाखर्चाच्या वहीवर. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सरकारने नवे पैसे चालू केले. तोवर माझ्या वहीत रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने असत. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा हे गणित लहानपणापासून इतके अंगवळणी पडलेले की भाजीवाली तोंडाने दर सांगे तोवर हिशेब डोक्यात तयार असे. आता शंभर नव्या पैशांचा रुपया झाला आणि बाजारात जुनी-नवी दोन्ही नाणी शेजारी शेजारी खुळखुळू लागली. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, आणि तीन आण्यांचे एकोणीस! तिनाला सहाने गुणले तर अठरा होतात, मग हा एक पैसा जास्त कोठून आला, हे मला काही केल्या उमगेना. थोरली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने माझ्या हातातली वही घेतली, जुने रकाने खोडून रूळाने नवे दोन आखले आणि म्हणाली, "अगं आई, आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस. अर्ध्याहून अधिक असला की पूर्ण धरायचा, म्हणून एकोणीस. आणि चार आण्यांना बरोबर पंचवीस येतात, तिथे कुणाचंच नुकसान नाही." इतके स्वच्छ, इतके न अडखळता तिने सांगितले की चुलीवरचे आधण उकळत असूनही मी तशीच तिच्यासमोर बसून राहिले. मला जे ठाऊक नाही ते या मुलीला ठाऊक आहे, आणि ते ती मला कमीपणा न देता सांगू शकते, याचा जो आनंद मला त्या क्षणी झाला तो तिच्या कोणत्याही परीक्षेच्या निकालाने पुढे झाला नाही.

परंतु त्या दिवसापासून वही तिच्याकडे गेली, आणि वहीबरोबर घरही गेले. घराचा खर्च जो लिहितो त्याला घराचे सर्व काही कळते. 'किरकोळ' म्हणून मी जी रक्कम दरमहा लिहीत असे, ती मधल्याच्या मुंजीच्या वेळी गहाण पडलेल्या माझ्या पाटल्यांच्या व्याजाची आहे, हे तिने दोन महिन्यांत ओळखले. तिने मला विचारले नाही. पुढल्या महिन्यात शाळेची सहल प्रतापगडास निघाली, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण व्हावयाचे होते म्हणून गडाचे नाव सर्वांच्या तोंडी होते. वर्गातल्या बहुतेक मुली गेल्या, आणि ही मात्र 'माझं डोकं दुखतं' म्हणून घरी राहिली. तिचे डोके दुखत नव्हते हे मला कळले आणि मला कळले हे तिलाही कळले. आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही. घरची ओढाताण मुलांपासून लपवावी, त्यांच्या बालपणावर तिची छाया पडू देऊ नये, असे मानणारी पुष्कळ सुजाण माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा हेतू निर्मळ असतो. तरीही माझे मत निराळे आहे. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की घराचा जमाखर्च त्याच्या डोळ्यांखालून जावा. जे मूल घराची मिळकत आणि घराचे देणे जाणते ते हट्ट सोडते एवढेच त्यात नाही; आपल्या आईवडिलांनी काय काय केले आणि कशाकशावाचून चालविले, हे त्याला कोणी न सांगता समजते, आणि अशी समजूत उपदेशाने कधीही येत नाही.

मधल्याची तऱ्हा वेगळी. तो सोळाव्या वर्षी एकाएकी मुका झाला. विचारावे त्याचे उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'बघू'. जेवताना मान ताटात, बाहेरून आला की सरळ माळवदावर. चाणक्याच्या नावावर चालणारे ते सुभाषित ह्यांच्या फार आवडीचे होते, ज्यात पहिली पाच वर्षे मुलाचे लाड करावे, पुढली दहा वर्षे त्याला धाकात ठेवावे आणि सोळावे लागताच त्याच्याशी मित्रासारखे वागावे असे सांगितले आहे. हे त्याप्रमाणे खरोखरच वागू लागले. संध्याकाळी त्याला बरोबर घेऊन फिरावयास जात, वर्तमानपत्रातल्या बातमीवर त्याचे मत विचारीत. परंतु ते वचन बापाला उद्देशून आणि मुलाविषयी केलेले आहे. आईने सोळाव्या वर्षी काय व्हावे, आणि मुलगी सोळा वर्षांची झाली म्हणजे तिच्याशी कोणी कसे वागावे, यावर ते मौन धरते, आणि हे मौनही पुन्हा त्या जुन्या घराचेच आहे, जेथे सोळा वर्षांची मुलगी असतच नव्हती. शिवाय आई मित्र कशी होणार? मित्राच्या हातून आपण न्हालेलो नसतो.

मला जी वाट सापडली ती कोणत्याही ग्रंथात नव्हती. एकदा मी मागल्या पडवीत तांदूळ निवडीत बसले होते. मधला येऊन शेजारी बसला आणि काही वेळाने त्याने माझ्या सुपातले खडे वेचावयास घेतले. मी मान वर केली नाही. तेव्हा तो आपण होऊन बोलू लागला: वर्गातल्या एका मुलाने त्याच्याशी केलेला विश्वासघात, गणिताच्या मास्तरांची वाटणारी भीती, आपल्याला इंजिनियर व्हावयाचे आहे परंतु वडिलांना खर्च झेपेल की नाही ही रुखरुख. सगळे एका बैठकीत. त्यानंतर मी मुद्दाम पारख करून पाहिली आणि दर वेळी तोच अनुभव आला. मोठे मूल आईच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाही. आईची नजर कामात गुंतलेली असेल, हात चालत असतील आणि त्यालाही हाताला काही चाळा असेल, तरच त्याच्या मनातले बाहेर येते. म्हणून घरात शेंगा सोलणे, वाल निवडणे, वाती वळणे ही कामे मी दुपारी न करता मुले घरी येण्याच्या सुमारास करू लागले. सासूबाईंना ही उलटी वहिवाट पसंत नव्हती, पण नातू सुपाशी बसलेला पाहिल्यावर त्यांनीही पुढे कधी हरकत घेतली नाही.

लहान मुलांविषयी आमच्या पिढीतल्या आयांना वाचावयास निदान काही मिळाले. ताराबाई मोडकांची 'शिक्षणपत्रिका' एका शिक्षिकाबाईंच्या घरून मला वाचावयास मिळे. बोर्डीस आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाईंनी अनुताई वाघांना सोबत घेऊन आदिवासी मुलांसाठी जे कार्य उभे केले, ज्यात शाळेने मुलांच्या अंगणात जावे, त्यांच्या गुरांमागे कुरणात जावे, हा विचार होता, त्याविषयी वाचताना माझ्या मनात आदर दाटून येई. मुलाला आपल्याकडे न बोलावता आपण त्याच्याकडे जावे, हे तत्त्व मी तेथून उचलले, आणि ते तीन वर्षांच्या मुलाइतकेच सोळा वर्षांच्या मुलालाही लागू पडते असे मला आढळले.

थोरली 1960 साली अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन सांगलीस विलिंग्डन कॉलेजात गेली. तिला पोचवून हे परतले त्या रात्री सासूबाईंनी सवयीने तिचेही पान मांडले, आणि मग कोणी काही न बोलता ते उचलले. तिची पत्रे येत. पहिल्या वर्षीच्या पत्रांत जेवणाची, खोलीतल्या मैत्रिणींची, कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून झालेल्या भांडणाचीही हकीकत असे. दुसऱ्या वर्षापासून पत्रे लांबलचक आली तरी तिच्याविषयीचा मजकूर कमी होत गेला आणि पुस्तके, व्याख्याने, विचार यांनी कागद भरू लागला. तिच्या आयुष्यात आता अशा खोल्या उघडल्या होत्या ज्यांत माझा प्रवेश नव्हता. तिला स्थळे येऊ लागली, त्यांतले एक फार चांगले होते, घरंदाज होते, सासूबाईंच्या नात्यातले होते. ती सुटीत आली असता मी तिला विचारले. ती म्हणाली, "आई, बी. ए. होईपर्यंत मला विचारू नकोस, आणि नंतर विचारशील तेव्हा तूच विचार, आजीकडून नको." मी सासूबाईंना आणि ह्यांना तसे सांगितले. घरात आठ दिवस कोणी मोकळेपणाने बोलले नाही, तरी मी माझा शब्द मागे घेतला नाही. मुलांवर आईबापांची मालकी नसते, वहिवाट असते; वहिवाटदाराने दप्तर स्वच्छ ठेवावे, मिळकतीची निगा राखावी, आणि धनी वयात येताच ताबा देताना खळखळ करू नये. महसुली माणसाच्या घरात इतकी वर्षे काढून मला एवढे तरी कळावयास हवे होते, आणि ते कळले याचे मला समाधान आहे.

धाकट्याविषयी मात्र मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे. आम्ही तेव्हा पाटणास होतो. पाटण कोयनेच्या काठी, धरणाच्या खालच्या अंगास. 1967 सालच्या डिसेंबरची 11 तारीख, पहाटेचे सव्वाचार झाले असतील. हे कचेरीच्या कामासाठी साताऱ्यास गेले होते, मधला कराडच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या वसतिगृहात, घरात मी, सासूबाई आणि अकरावीत शिकणारा धाकटा. प्रथम जमिनीच्या पोटातून गाडा जावा तसा आवाज आला, आणि मग भिंती हलल्या. दगडमातीच्या त्या भिंती. माझ्या डोळ्यांदेखत माजघराचा कोपरा कोसळला आणि अंधारात सर्वत्र धूळ भरली. मी देवघराकडे वळले. धाकट्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "देव मी नंतर आणतो. आजीला मी उचललं आहे. तू कंदील घे, पुढे हो, आणि मागे वळू नकोस." त्या मुलाने त्यापूर्वी मला कधी आज्ञार्थी शब्दात काही सांगितले नव्हते. मी निमूटपणे त्याचे ऐकले. आम्ही अंगणात पोचतो न पोचतो तोच दुसरा हादरा बसला.

त्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे पावणेदोनशे माणसे प्राणास मुकली, आणि पाटण खोऱ्यातल्या असंख्य घरांत राहण्याची सोय उरली नाही. धरणाचे काय झाले असेल ही भीती नदीकाठच्या प्रत्येकाच्या मनात होती. धरण उभे राहिले. हे त्याच दिवशी परतले ते घरापर्यंत न येता परस्पर कामावर गेले, कारण पंचनामे आणि मदतवाटप यांचे काम अहोरात्र चालू झाले होते आणि त्या दिवसांत महसुली माणसाला स्वतःचे घर नव्हते. डिसेंबरची थंडी. धरणीचे हादरे थांबत नव्हते, छपराखाली झोपण्याची कोणाची छाती नव्हती. धाकट्याने बांबू आणि ताडपत्री पैदा करून परसात खोपट उभे केले, शेजारच्या दोन कुटुंबांना त्यात जागा दिली, विहिरीचे पाणी गढूळ झाले म्हणून दुरून पाणी आणले, शिध्यासाठी रांगेत उभा राहिला, आणि आळीतल्या प्रत्येक घराची माणसे, जनावरे व नुकसान यांची यादी सुवाच्य अक्षरात करून तलाठ्यांच्या हाती दिली. देवही त्याने आणले. बाळकृष्णाची मूर्ती तेवढी विटांच्या ढिगाखाली चेपली होती. सासूबाई म्हणाल्या, "हा तर आता कर्ता झाला." मलाही तसेच वाटले, आणि एवढ्या आपत्तीत माझे मन आतून भरून आले.

पुढे घराची डागडुजी झाली, आम्ही आत राहावयास गेलो, आणि एका संध्याकाळी तोच मुलगा आमटीत मीठ जास्त पडले म्हणून ताटावरून रुसून उठला. मी थक्क होऊन पाहत राहिले. मोठेपण हे एकदा आले की कायमचे वास्तव्यास राहते, अशी माझी समजूत होती. तसे ते नसते. ते येते, जाते, पुन्हा येते. भूकंपाच्या पहाटे जो तीस वर्षांचा होता तो महिन्याभराने आठ वर्षांचा होतो, आणि दोन्ही वेळी तो तितकाच खरा असतो. आज समोर कोणते वय उभे आहे हे आईने ओळखावे लागते, आणि ते ओळखण्याचे दुसरे साधन नाही, पाहत राहावे लागते. त्या दिवशी मी त्याच्यासाठी गूळ-तूप-पोळी वाढली आणि काही बोलले नाही.

मराठी मनाने ज्या मातांना हृदयात स्थान दिले त्यांचा विचार मी त्या वर्षांत वारंवार करीत असे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये त्यावरून काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि तो पाहताना आमच्या घरातले एकही माणूस कोरड्या डोळ्यांनी उठले नव्हते. त्या मातेच्या पायाशी माझे मस्तक सदैव नम्र आहे. परंतु ती श्यामच्या विद्यार्थिदशेतच निघून गेली. आपले मूल पंचवीस वर्षांचे झालेले, आपल्याहून निराळे मत बोलणारे, आपल्या माहितीबाहेरच्या गावी आपल्या माहितीबाहेरच्या माणसांत रमलेले तिने पाहिले नाही, आणि म्हणून त्या बाबतीत मला जे विचारावयाचे होते ते तिला विचारता येत नव्हते. मग मला जिजाऊ आठवत. मुलाला घडविणाऱ्या जिजाऊंच्या कथा आपण मुलांना सांगतो. मला मात्र 1666 मधल्या जिजाऊ अधिक जवळच्या वाटतात, जेव्हा प्रौढ मुलगा नातवाला घेऊन आग्र्याला निघतो, त्याला आईने अडविलेले नसते, आणि तो परत येईपर्यंत राज्याचा भार ती सांभाळते. रायगडावर राजधानी झाली तरी पायथ्याशी पाचाडला त्यांचा वाडा होता. 1674 च्या 6 जूनला त्यांनी मुलाचा राज्याभिषेक पाहिला आणि 17 जूनला पाचाडास देह ठेवला. आम्ही मुलांना घेऊन रायगड पाहावयास गेलो तेव्हा मुले धावत गड चढून गेली, आणि मी बराच वेळ त्या वाड्याच्या पडक्या तटाशी उभी होते. येथून गडाकडे नुसती मान वर केली की झाले, अंतर तेवढेच.

आणि तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली ती मुलगा देवदत्त यांच्या आग्रहामुळे. 1934 पासून त्या ग्रंथाचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि 1936 मध्ये त्या गेल्या. एका मोठ्या झालेल्या मुलाने आपल्या आईला लिहिण्यास भाग पाडले नसते, तर मराठीतले हे अद्वितीय आत्मचरित्र झालेच नसते. मला ही गोष्ट कळली तेव्हा इतकी वर्षे मी ज्याचा शोध घेत होते त्याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटले. मूल लहान असताना आईने मुलाला जाणावयाचे असते. मूल मोठे झाले की पाळी त्याची.

थोरली पहिल्या बाळंतपणासाठी आली होती. लग्न तिने आपल्या मर्जीने, आम्हाला सांगून, आम्हा सर्वांसमक्ष केले होते आणि जावई गुणी होते. एके दुपारी मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळीत होते, ती शेजारी बसून खारका कुटीत होती, आणि एकदम तिने विचारले, "आई, तू शाळा का सोडलीस?" मी तिला सांगितले. मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन शिक्षिका व्हावे असे मला फार वाटत होते. अर्जाचा कागदही मिळविला होता. त्या सुमारास हे स्थळ आले, वडिलांची प्रकृती बरी नव्हती, आणि सतराव्या वर्षी माझे लग्न झाले. तो अर्ज पुष्कळ वर्षे माझ्या पेटीच्या तळाशी होता, वाईहून कोरेगावास जाताना कोठे तरी गहाळ झाला. तिने कुटणे थांबविले. "इतकी वर्षं तू हे बोलली का नाहीस?" "कोणी विचारलं नाही," मी म्हणाले, आणि ते अगदी खरे होते. मग ती रोज विचारू लागली. तिच्याकडून ऐकून मधला विचारू लागला, धाकटा पत्रातून विचारू लागला. तांदूळ निवडता निवडता मधल्याला वर्गातली भांडणे सांगण्याची जी सवय लागली होती, ती आता उलट दिशेने चालू झाली. मुले मोठी झाली म्हणून घर ओस पडते, असे म्हणणाऱ्या बायकांशी माझे म्हणूनच जमत नाही. मला माझ्या मुलांची सर्वांत अधिक सोबत झाली ती त्यांची लग्नकार्ये झाल्यावर.

माझ्या आईला मात्र मी काही विचारले नाही; आमच्या घरात तशी रीतच नव्हती. तिच्या हातची पुरणपोळी, तिचे जात्यावरचे सूर, पाय चेपताना तिला कोठे दुखते, हे सारे मला ठाऊक होते. तिच्या मनात कधी काय करावयाचे होते, हे ठाऊक नाही, आणि आता ते कळण्याचा मार्ग उरलेला नाही. म्हणून ज्यांच्या आया हयात आहेत अशा वाचणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे. तिला विचारा: लग्नापूर्वी तिला कोणता विषय आवडे, कोणती मैत्रीण होती, काय व्हावेसे वाटत होते, आणि ते का झाले नाही. समोर बसून विचाराल तर ती 'त्यात काय सांगायचं' म्हणून उठून जाईल. तिच्या शेजारी बसा, तिच्या सुपातल्या शेंगा सोलायला घ्या, आणि तिच्याकडे न पाहता विचारा. आणि माझ्या वयाच्या बायांनो, मुलांनी विचारले तर उत्तर द्या.